सोलापुरात कोणती परवडेल: नवी हिमालयन 450 की सेकंडहँड व्ही-स्ट्रॉम 650 एक्सटी?

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 चं कोटेशन हातात आलं की कुणीतरी हमखास सुचवतं, "थोडे पैसे आणखी घाल, जुनी व्ही-स्ट्रॉम येईल." सुझुकीची ही व्ही-स्ट्रॉम 650 एक्सटी 2018 मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 7.46 लाख होती, म्हणून मोह पडतोच. आता ती नवी मिळत नाही, फक्त जुन्या बाजारात. निर्णय घेताना ताकदीच्या आकड्यांपेक्षा आपले रस्ते आणि पार्ट मिळण्याची सोय बघायला हवी.

हायवेवर व्ही-स्ट्रॉम सरळसरळ वरचढ आहे. 645 सीसीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन 71 पीएस देतं. हैदराबाद इथून सुमारे 310 किलोमीटर; मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना पेट्या असल्या तरी 120 च्या वेगात तिच्यात ओव्हरटेकला दम शिल्लक असतो. हिमालयनचं 452 सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन 40 पीएसचं आहे. एकटा माणूस 100-110 ने आरामात जातो. लोड वाढला की ट्रक ओलांडायला गिअर पाडावा लागतो, आणि 3000 आरपीएमच्या खाली इंजिन जरा सुस्तच. ॲव्हरेज मात्र हिमालयनचंच चांगलं. जपून चालवली तर 17 लिटरच्या टाकीत चारशेच्या वर किलोमीटर जातात. व्ही-स्ट्रॉमला तेवढ्यासाठी 20 लिटरची टाकी लागते.

डांबर संपलं की चित्र उलटतं. हिमालयनचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) 230 मिमी, व्ही-स्ट्रॉमचा 170. वजन 196 किलो विरुद्ध 216. शिवाय व्ही-स्ट्रॉमचा ऑइल फिल्टर आणि पुढच्या सिलिंडरचा सायलेन्सर पाइप इंजिनच्या तोंडाशी उघडे असतात. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरचा एक दगड फिल्टरला बसला तर ऑइल तिथंच सांडतं. ही गाडी घेणार असाल तर ॲल्युमिनियमची बॅश प्लेट (इंजिनखालचं संरक्षक कवच) पहिल्याच दिवशी लावा. हिमालयनला मागचं एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतं, उतारावरच्या मातीत ते फार उपयोगी पडतं. व्ही-स्ट्रॉममध्ये ती सोय नाही.

टायरचा मुद्दा लोक विसरतात. व्ही-स्ट्रॉम एक्सटीचे स्पोक रिम मुळातच ट्यूबलेस आहेत, त्यामुळे खिळा लागला की रस्त्यातच प्लग मारून निघता येतं. हिमालयनला ट्यूबलेस स्पोक नंतर आले. ट्यूबवाली घेतलीत तर 21 इंची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप कायम सोबत हवा, कारण तुळजापूरच्या वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडे 21 इंची ट्यूब मिळेलच असं नाही. दोन पैसे जास्त पडले तरी ट्यूबलेसच घ्या.

देखभालीत आपला उन्हाळा आणि आपली काळी माती दोन्ही त्रास देतात. दोन्ही इंजिनं लिक्विड कूल्ड आहेत. पारा 42 च्या पुढे गेला की सिग्नलला फॅन चालू राहणारच, त्यात बिघाड काही नाही. कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी मात्र कधीही घालू नका. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि पुढच्या मे महिन्यात गाडी गरम व्हायला लागते. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरच वापरा. चेनवरची वाळलेली माती रॉकेल आणि मऊ ब्रशने काढा, पुसून घ्या, मग 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब. साधारण दर 500 किलोमीटरला आणि भिजल्यावर लगेच. तारेचा ब्रश चेनच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग कापतो, आणि आतलं ग्रीस निघून गेलं की चेन स्प्रॉकेटचा पूर्ण सेटच बदलावा लागतो.

पार्टच्या बाबतीत दोन्हींची तुलनाच होत नाही. हिमालयनचे ब्रेक पॅड, केबल, फिल्टर गावात मिळतात. व्ही-स्ट्रॉमचे मागवावे लागतात; आरसा किंवा लिव्हर तुटला तरी वाट बघणं आलं. म्हणून क्लच केबल, लिव्हर, पॅड आणि ऑइल फिल्टर आधीच आणून घरात ठेवायचे.

जुनी व्ही-स्ट्रॉम बघायला गेलात तर इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. पुढच्या सिलिंडरच्या प्लगच्या खड्ड्यातून पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलानं बुजलं की प्लगपाशी पाणी साठतं आणि पावसात एकच सिलिंडर चालतो. तार घालून भोक मोकळं आहे का बघा. मग मल्टिमीटर बॅटरीला लावून 5000 आरपीएमला व्होल्टेज घ्या. 14 ते 15 व्होल्ट यायला हवेत. बारा-साडेबारावर अडकलं तर बॅटरी चार्ज करणारा रेक्टिफायर किंवा स्टेटर गेलाय. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्यावर अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) 24,000 किलोमीटरला तपासायचा असतो. त्यासाठी टाकी उतरवावी लागते, रेडिएटर सरकवावा लागतो, म्हणून बरेच मालक ते टाळतात. मीटर 24,000 च्या पुढे असेल आणि त्या कामाचं बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करा.

पेट्रोलचंही बघा. त्या काळातल्या व्ही-स्ट्रॉमला 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, आणि आता पंपावर सर्रास ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, इंधनाच्या रबरी नळ्या दरवर्षी तपासा. हिमालयनला ही चिंता नाही.

थर्ड पार्टी विम्याचा स्लॅब दोन्हींना 350 सीसीच्या वरचाच. मात्र व्ही-स्ट्रॉम परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स आलाच. कर्ज असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 सुद्धा. हा टॅक्स किती बसेल ते आरटीओत विचारून मगच बयाणा द्या.

आमचं मत: गाडी एकच असेल, रोजही तीच वापरायची असेल, किंवा पावसाळ्यात शेताच्या वाटेनं जायचं असेल, तर ट्यूबलेस हिमालयन घ्या. घरी दुसरी दुचाकी आहे, जोडीनं लांब हायवे करायचा आहे आणि पार्टसाठी पंधरा दिवस गाडी उभी राहिली तरी चालणार आहे, अशांनीच व्ही-स्ट्रॉम शोधावी. तीही सर्व्हिसची बिलं असलेली.