रुफस: डॉसची बूट डिस्क करायला याहून सोपं काही नाही

आमच्या दुकानात अजूनही जुनी पीसी दुरुस्तीला येतात. परवा एकाचं बायोस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट करायचं होतं आणि अपडेटचा प्रोग्रॅम फक्त डॉसमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालणारा. पूर्वी १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर 'फॉरमॅट ए: /एस' द्यायचो, मग आयओ.सिस, एमएसडॉस.सिस आणि कमांड.कॉम या डॉस सुरू करणाऱ्या फाइल त्यावर जायच्या. आता चांगली फ्लॉपी आणायची कुठून?

म्हणून रुफस, म्हणजे पेनड्राइव्हवरून मशीन बूट होईल असा तो तयार करून देणारा छोटा प्रोग्रॅम. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. पेनड्राइव्ह लावला, 'बूट सिलेक्शन'मध्ये फ्रीडॉस (डॉसचा मोफत पर्याय) निवडलं, स्टार्ट दाबलं. वेगळी आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) शोधायची गरजच नाही, फ्रीडॉस त्यातच दिलेलं आहे. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला हा प्रकल्प अजून जिवंत आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. नंतर बायोसची फाइल ड्राइव्हवर कॉपी केली, मशीन त्यावरून चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर सी:\> उमटलं. पंचवीस वर्षांपूर्वीसारखाच जीव सुखावला.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं; यादीत बरोबर ड्राइव्ह निवडलाय ना, हे दोनदा बघा. दुसरं, फ्रीडॉसला जुनं बायोस किंवा सीएसएम (नव्या मशीनवर जुन्या बायोससारखं बूट करू देणारी सोय) लागतं. नुसतं यूईएफआय (बायोसची जागा घेतलेली नवी पद्धत) असलेल्या नव्या लॅपटॉपवर ते बूट होणार नाही, तिथे उगाच वेळ घालवू नका. रुफस विंडोजवरच चालतं, लिनक्सवाल्यांना दुसरी वाट धरावी लागेल.

माझ्याकडून पाचपैकी पाच.