फ्री डिश: रिचार्जची कटकट नाही, बसवणूक मात्र नीट हवी

टिनावर सळ्यांचा जुना अँटेना उभा असेल तर भंगारवाल्याला द्या. दूरदर्शनची जमिनीवरची ॲनालॉग केंद्रं जवळपास सगळीच बंद झालीत. ऑनलाइन मिळणारा ‘एचडी इनडोअर अँटेना’ही आपल्या विदर्भातल्या खेड्यांत काही पकडत नाही, त्यावर पैसे घालू नका. केबल नको असेल तर दूरदर्शनची फ्री डिश घ्या. 2004 पासून सुरू आहे आणि महिन्याचं भाडं शून्य.

छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा), वायर, बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं. बॉक्स एमपीईजी-4 चाच मागा, ही चित्र उलगडण्याची नवी पद्धत. दुकानदार जुना एमपीईजी-2 स्वस्तात गळ्यात मारतो आणि मग काही चॅनेल दिसतच नाहीत.

उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व रेखांशावर. उत्तरेपासून मोजलं तर बुलढाण्यात दिशा 138 अंश, यवतमाळात 142, गडचिरोलीत 145. म्हणजे आग्नेय, जराशी दक्षिणेकडे कललेली. क्षितिजापासूनची उंची सगळीकडे साठ अंशांच्या आसपास. पण म्हणून छत्रीचं तोंड आभाळाकडे करू नका. ही छत्री ऑफसेट असते, दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहते. हौशी माणूस नेमका इथंच फसतो. मोबाइलचं होकायंत्र टिनापासून लांब जाऊन बघा, लोखंडाजवळ ते खोटं बोलतं. शेजारी डिश टीव्हीची छत्री असेल तर सोपं: त्यांचा उपग्रह 95 अंश रेखांशावर आहे. त्या छत्रीसारखी लावून घ्या, मग सुमारे तीन अंश दक्षिणेकडे आणि अंशभर वर.

बॉक्सात फ्रिक्वेन्सी 11090, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500 भरा आणि ‘क्वालिटी’चा पट्टा बघा. ‘स्ट्रेंग्थ’ रिकाम्या आभाळाकडे तोंड असलं तरी दिसते. क्वालिटी आली की एलएनबी पकडीत थोडी थोडी फिरवून ती जास्तीत जास्त कुठं होते ते शोधा, मगच नट आवळा.

बिघाड बहुधा दोनच ठिकाणी. एक, छत्रीचा पाइप. तो ओळंब्यात उभा नसेल तर दिशा फिरवताना उंचीही बदलते, आणि ढिला असेल तर मे-जूनच्या वावधनात छत्री हलतेच. दोन, कनेक्टर. वायरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली तरी एलएनबीला वीज मिळत नाही, ‘नो सिग्नल’. एलएनबीजवळचं टोक रबरी टोपी किंवा टेपनं झाका आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली झोल द्या, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट बॉक्सापर्यंत येतं. वायर पाइपाला बांधून घ्या. लोंबती वायर म्हणजे वानरांना झोका. मुसळधार पावसात चित्र जाणारच, त्यात बसवणाऱ्याचा दोष नाही. मोठी छत्री लावली तर थोडं उशिरा जातं, एवढंच.

आता दिसतं काय? सह्याद्री, डीडी किसान, बातम्या, सिनेमे भरपूर. भारतात होणारे भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी सामने डीडी स्पोर्ट्सवर फुकट, क्रिकेटवेड्या घराला तेवढ्यानंच पैसे वसूल. मालिकांसाठी घेणार असाल तर थांबा: खासगी चॅनेल लिलावातून येतात आणि जातात. एप्रिल 2022 मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपले हिंदी चॅनेल काढूनच घेतले होते. तेव्हा दरवर्षी एप्रिल लागला की बॉक्सावर एकदा ऑटो स्कॅन मारायचा.