गाडी-ते-गाडी संवादाचा प्रोजेक्ट: वेन्स घ्यावं की एनएस-३?

वेन्स आणि एनएस-३ हे दोन्ही सिम्युलेटर, म्हणजे गाड्यांमधले रेडिओ मेसेज संगणकावरच चालवून बघायची सॉफ्टवेअर. निवडण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: मेसेज मिळाल्यावर गाडी काही करणार आहे का?

नाशिकच्या द्वारका सर्कलला कोंडी आहे असा मेसेज आला आणि मागच्या गाडीने मुंबई नाक्यालाच रस्ता बदलला, हे दाखवायचं असेल तर वेन्स. त्यात नेटवर्कचं सिम्युलेटर ओम्नेट आणि ट्रॅफिकचं सिम्युलेटर सुमो एकाच वेळी चालतात, त्यामुळे रेडिओवर आलेला मेसेज रस्त्यावरची गाडी खरंच वळवतो. एनएस-३ वर नेहमीची पद्धत म्हणजे सुमो आधी पूर्ण चालवायचं आणि गाड्या कधी कुठे होत्या याची फाइल आत घ्यायची. मग मेसेज मिळो न मिळो, गाडी ठरल्या वाटेनेच जाणार.

नुसतं मेसेज किती पोचले, किती एकमेकांवर आदळून गेले हे मोजायचं असेल तर मी एनएस-३ च घेईन. ५.९ गिगाहर्ट्झवरचं ८०२.११पी (गाड्यांसाठीचा वायफायचा प्रकार) त्याच्या वायफाय मॉड्यूलमध्ये आहे. जुन्या ट्युटोरियलमधलं 'वेव्ह' मॉड्यूल मात्र नव्या आवृत्त्यांतून काढलंय, तो कोड जसाच्या तसा उतरवू नका.

भिंतींच्या बाबतीत वेन्स सरस. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरच्या इमारती वेड्यावाकड्या आकारांसकट घेतं आणि सिग्नल किती भिंती, किती मीटर बांधकाम ओलांडतो त्यावरून घट काढतं. एनएस-३ ची इमारत म्हणजे अक्षांना समांतर चौकोनी ठोकळा. कॉलेज रोडला चालून जाईल. भद्रकालीच्या गल्ल्यांत नाही. अर्थात नकाशावर वाडाच काढलेला नसेल तर वेन्सलाही तो दिसणार नाही.

मोकळ्या हायवेवर दोघांतही टू-रे मॉडेल (थेट आणि रस्त्यावरून परावर्तित अशा दोन लहरी धरणारं) मिळतं. वेन्सच्या मॉडेलमध्ये दोन्ही अँटेना दीड मीटर उंचीवर धरल्या तर साधारण १७७ मीटरपर्यंत रस्त्यावरून परावर्तित झालेली लहर सिग्नल खालीवर करत राहते, त्यापुढे तो झपाट्याने पडतो. मधल्या कांद्याच्या ट्रकची आडकाठी वेगळी मांडावी लागते.

वेन्सचा खरा ताप इन्स्टॉलेशनचा. वेन्स, ओम्नेट आणि सुमोच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत. दोन रात्री घालवून मी शेवटी तयार 'इन्स्टंट वेन्स' व्हर्च्युअल मशीन घेतलं. तुम्ही तिथूनच सुरू करा. नकाशा सुमोत आणताना 'लेफ्टहँड' पर्याय द्यायला विसरलो, आणि द्वारकाला सगळी वाहतूक उजवीकडून. गाइडने स्क्रीनकडे बघून विचारलं, "हे कुठलं नाशिक?" दुचाक्या फटीतून घुसायला हव्यात तर सुमोचं सबलेन मॉडेलही (एका लेनमध्ये शेजारी-शेजारी वाहनं चालू देणारं) चालू करा.

मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर? दोन गाड्यांमधल्या एकाच लिंकचा आलेख काढायला उत्तम, पण लायसन्स कॉलेजकडे आहे का ते आधी बघा.

निवड काहीही असो, आधी कागदावर हिशेब करा. रेंजमध्ये २०० गाड्या, सेकंदाला १० मेसेज, प्रत्येकी ३०० बाइट: झाले ४.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). चॅनलचा नेहमीचा वेग ६ एमबीपीएस. हेडर आणि मधले विराम धरले की चौक भरला. पहिल्याच रनला ९९ टक्के मेसेज पोचलेले दिसले, तर गाड्या खरंच २०० आहेत का ते मोजा. माझ्या रनमध्ये २० होत्या.