नंबर त्यांचा दिला आणि 45,500 घालवून बसलो

प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या एका खाजगी क्लासच्या एजंटला दिले 45,500 रुपये. नोंदणी 2,500, 'बारावी ते पदवी मार्गदर्शन' 18,000 आणि 'सीट पक्की करायची अनामत' 25,000. आकडे मुद्दाम फोडून लिहितोय, कारण तुमच्याकडेही असेच तुकड्यांत मागतील. पहिला तुकडा लहान असतो. तो गेला की दुसरा देताना हात आखडत नाही.

क्यूआर स्कॅन केला तर संस्थेऐवजी कुणा बाईचं नाव आलं. "आमच्या अकाउंटंट." बरं म्हणून पिन दाबला! पण खरी माती खाल्ली ती पुढे. प्रवेशाच्या पोर्टलवर नोंदणी करताना मोबाईल नंबर त्यांनी स्वतःचा टाकला. "ओटीपी कधीही येतो, तुम्हाला कशाला त्रास?" नंबर त्यांचा म्हणजे पासवर्ड त्यांचा, पसंतीक्रम त्यांचा. फी भरायची मुदत त्यांनी गुपचूप उलटू दिली आणि मग "इथलं गेलं, पण बेळगावला सीट आहे". कमिशन तिथे होतं. नंबर नेहमी घरातलाच द्या.

अडाणी होतो म्हणून फसलो असं नाही. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलचा अर्ज फुकट असतो, गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आपलं आपण मागता येतं, सगळं ठाऊक होतं. निकालानंतरच्या घाईत कोण उलटतपासणी करतो?

पावती मात्र वाचा. आमच्या पावतीवर 'अनामत' नव्हतंच, 'सेवाशुल्क, ना-परतावा' होतं. प्रवेश रद्द केल्यावर फी परत देण्याचा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम कॉलेजांना लागतो, एजंटच्या सेवाशुल्काला नाही. मूळ कागद तर कॉलेजलाही ठेवून घेता येत नाहीत, आणि आम्ही फाईलच देऊन आलो.

पोलीस म्हणाले, "स्वखुशीने दिलेत ना? सिव्हिल मॅटर." शिक्षण खातं म्हणालं, खाजगी क्लास आमच्याकडे येत नाहीत. पुन्हा पोलीस. अर्जाची पोच मागितली तर शिक्का कपाटात, आणि चावीवाला रजेवर. तीन फेऱ्या एका शिक्क्यासाठी! 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो नवव्या दिवशी. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते समोरच्या खात्यातच अडवता येतात, तेव्हा तुम्ही त्याच तासाला करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, हे एकाही कचेरीत कुणी सांगितलं नाही.

"पैसे चवथीआधी देतो" असं एजंट म्हणाले होते. चवथ झाली. मामलेदाराचा रहिवासी दाखला अजून त्यांच्याच फायलीत आहे.