पेलेटचं मशीन, बायबॅकचा करार आणि माझे १४ लाख ६४ हजार ४०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. १४ लाख ६४ हजार ४०० रुपये. यात बँकेचं व्याज नाही, विजेचा लोड वाढवायला भरलेले ६४,२०० नाहीत, शेडवर घातलेले पत्रे तर मी मोजतच नाही. पोलीस, वकील आणि माझ्यासारखे फसलेले सोडले तर आजवर घराबाहेर कुणाजवळ मोकळेपणाने बोललो नाही, कारण लाज वाटत होती. पण गेल्या महिन्यात अकोल्याकडच्या एका मुलाचा फोन आला. "भाऊ, तुमच्याकडे पेलेटचं मशीन आहे ना? कसं चाललंय?" पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या. त्याला मशीन विकू पाहणाऱ्या कंपनीचं नाव नवं, जाहिरातीचं फोल्डर नवं, आणि त्या फोल्डरवर फोटो माझ्या शेडचा. माझ्या दारातली कडुनिंबाची फांदीसुद्धा त्यात दिसते. म्हणून लिहितोय.

आमची आरा मशीन आजोबांपासूनची, अमरावती जिल्ह्यात. सागाचा भुसा रोज पडतो. उन्हाळ्यात वीटभट्टीवाले नेतात, पावसाळ्यात तो भिजतो, कुजतो, त्याला वाळवी लागते. त्या ढिगाकडे बघून मी वर्षानुवर्षं म्हणत होतो की याचे पैसे व्हायला हवेत.

बायबॅक म्हणजे आधी वस्तू विकायची आणि तिच्यातून निघणारा माल आम्हीच विकत घेऊ असा करार द्यायचा. हा खेळ कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. इमू झाले, कडकनाथ झाली. कडकनाथच्या वेळी मीच माझ्या साडूला अडवलं होतं. मग मी कसा फसलो? कोंबडीला गिऱ्हाईक कुठंय हा प्रश्न तेव्हा होता. इथे गिऱ्हाईक खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच मी फसलो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळायचं धोरण दिलं, हे खरं आहे. इंग्लंडमधलं ड्रॅक्स हे पूर्वीचं कोळशाचं वीजकेंद्र आता लाकडाच्या पेलेटवर चालतं, हेही खरं. अमेरिका जगात सगळ्यात जास्त पेलेट निर्यात करते, तिच्यामागे व्हिएतनाम, आणि व्हिएतनामचा माल मुख्यतः जपान आणि दक्षिण कोरियात जातो, सगळं खरं. मशीन विकणाऱ्या कंपनीच्या सेमिनारमध्ये सांगितलेलं मी घरी येऊन एकेक तपासलं. खोटं फक्त एकच होतं, या सगळ्याशी त्या कंपनीचा काही संबंध आहे हे. नेमकं तेवढंच तपासायचं राहिलं.

सेमिनार फेब्रुवारी २०२३ मध्ये, नागपूरच्या एका हॉटेलात. जेवण चांगलं होतं. बुकिंगचे ५१,००० तिथेच भरले, कारण "पहिल्या वीस जणांनाच कोरियाच्या ऑर्डरमध्ये घेणार" असं सांगितलं गेलं. कुणी घाई केली की उठा. जेवण अर्धं सोडून उठा.

महिन्याभराने डेमोसाठी त्यांच्या कारखान्यावर गेलो. हा भाग मला रात्री झोपू देत नाही, म्हणून नीट सांगतो.

शेडमध्ये मशीन चालू होतं. आवाज इतका की बोललेलं ऐकू येईना. एक पोरगा वरून हॉपरमध्ये भुसा टाकत होता, खालच्या तोंडातून गोळ्या पडत होत्या. आठ मिलिमीटरच्या, एकसारख्या, वरून चकचकीत. कंपनीच्या माणसाने ओंजळभर उचलून माझ्या हातात दिल्या. "बघा भाऊ, कशा टणक आहेत." मी बोटाने मोडून बघितल्या, मोडेनात. नाकाला लावल्या. ताज्या लाकडाचा वास नव्हता. आणि त्या गार होत्या.

माझा जन्म लाकडात गेला. करवतीचं पातं दहा मिनिटं चाललं की हात लावता येत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. पेलेट करायचं म्हणजे भुसा डायच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी साच्याच्या, भोकातून प्रचंड दाबाने ढकलायचा. त्या घर्षणाने तो इतका तापतो की लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकासारखं काम करतं, वेगळा डिंक लागत नाही. ताजी गोळी हातात धरवत नाही. मोठ्या प्लांटमध्ये तिला थंड करायला वेगळा कूलर असतो. इथे कूलर नव्हता आणि गोळी गार होती. म्हणजे तयार गोळ्या आतून कुठून तरी सोडल्या जात होत्या. माझ्या तळव्याला ते कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. क्षणभर थांबलोसुद्धा. तेवढ्यात चहा आला आणि मी तो विचार बाजूला ठेवला. आवाज होता, सोबत आठ-दहा जण होते, सगळे माना डोलावत होते. लोकांसमोर "गार का?" म्हणून विचारायला जीभ उचलली नाही.

त्या एका प्रश्नाचे साडेचौदा लाख झाले.

मशीनची किंमत १२,४०,०००. त्यातले ८,००,००० बँकेचं कर्ज. उरलेले ४,४०,००० आमचे: बाबांची एफडी मोडून २,५५,००० आणि बायकोचे दागिने गहाण ठेवून १,८५,०००. ती म्हणाली होती, "अहो, आधी ज्यांच्याकडे मशीन चालू आहे त्यांच्याकडे जाऊन या ना." मी फोन केले. कंपनीने दिलेल्या तीन नंबरांवर. तिघांनीही भरभरून कौतुक केलं. आता माझाच फोटो वापरतात म्हटल्यावर ते तिघं कोण असतील ते मला कळतंय. कंपनीने दिलेल्या नंबरावर फोन करू नका. गावाचं नाव घ्या आणि न सांगता जा.

यावर बायबॅक कराराची अनामत १,५०,०००, आणि "निर्यात नोंदणी व लॅब" म्हणून ३८,५००. पाच वर्षं ११ रुपये किलोने माल उचलणार, असं स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं. आमच्या भागातले बॉयलरवाले तेव्हा मला साडेसात रुपये सांगत होते. बाजारात साडेसात असलेल्या मालाला कुणी ११ का देईल, असं माझ्या मुलीने विचारलं होतं. ती तेव्हा दहावीत होती. मी तिला म्हणालो, "परदेशातला भाव आहे तो." पण परदेशातली वीजकेंद्रं जहाजाने हजारो टन घेतात. माझं मशीन तासाला ५०० किलो देणार होतं, आणि बंदर इथून सातशे किलोमीटर. ट्रकचं भाडं मी एकदाही मांडून बघितलं नाही.

जूनमध्ये मशीन आलं. मोटरवरची पाटी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली: ३० एचपी. लाकडाच्या भुशापासून तासाला ५०० किलो काढायचे तर ५०-६० एचपीच्या आसपास मोटर लागते, हे मला नंतर एका जुन्या फिटरने सांगितलं. पाटी आधी वाचा. कोटेशनमध्ये एचपी लिहून घ्या, नुसतं "५०० किलो" नको.

पहिल्या दिवशी खाली हात धरला तर भाजलं. या गोळ्या गरम होत्या, पण हातातच फुटून पुन्हा भुसा झाल्या. भुशाची ओल १०-१२ टक्के लागते, माझा भुसा पावसाळ्यातला होता. ड्रायरचा विषय कंपनीने काढलाच नव्हता. तो "पुढच्या टप्प्यात" होता, आणखी ४ लाखांचा. महिनाभर आम्ही भुसा ताडपत्रीवर वाळवला, दोन वेळा डाय जाम झाली, आणि शेवटी तासाला ११०-१२० किलोवर गाडी आली.

पहिला लॉट १,८०० किलो. कंपनीने स्वतः ट्रक पाठवला आणि आठव्या दिवशी १९,८०० जमा झाले. घरात पेढे आणले. पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यातून आले होते, कंपनीच्या नाही. पैसे आलेत म्हटल्यावर मी ते खात्याचं नाव वाचूनही सोडून दिलं. दुसरा लॉट सप्टेंबरात, ४,२०० किलो, यावेळी ट्रक माझा, भाडं ९,५००. या मालाचे ४६,२०० आजपर्यंत आलेले नाहीत. "राख जास्त निघाली, कोरियाने रिजेक्ट केला" असं उत्तर आलं. लॅब त्यांची, नमुना त्यांनी घेतलेला, रिपोर्टवर सही नाही. माल परत मागितला तर म्हणाले, "डिस्पोज केला." करारात कलम होतं: गुणवत्ता न उतरल्यास अनामत जप्त. मी वाचलेलं कलम. नोव्हेंबरात फोन बंद.

त्यांच्या फोल्डरवर ईएनप्लसचा शिक्का होता. युरोपात घरच्या शेगडीत जाळायच्या पेलेटसाठी हे प्रमाणपत्र चालतं. खऱ्या शिक्क्याखाली देशाची दोन अक्षरं आणि आकडी क्रमांक असतो आणि तो ईएनप्लसच्या वेबसाइटवर शोधता येतो. फोल्डरवर नुसतं चित्र होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

आता पोलीस. तालुक्याच्या ठाण्यात गेलो तर साहेबांनी करार वरून खाली बघितला आणि म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे, वकील करा." मी म्हटलं, एकाच दिवशी वीस जणांना हाच करार दिलाय. "मग वीस जणांना घेऊन या." सात जण शोधले. गेलो. तेव्हा म्हणाले की कंपनीचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तक्रार तिथे द्या. तिथे गेलो तर पैसे तुमच्या जिल्ह्यात दिले, तिकडे द्या. जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येक वेळी झेरॉक्सचा नवा संच. एकाने तर विचारलं, "शिकलेले दिसता, मग सही कशी केली?" बाबा सोबत होते. ७४ वर्षांचे. ते बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले आणि परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाहीत. फसवणारा मोकळा फिरतोय, आणि चोरी आम्ही केल्यासारखी उलटतपासणी आमची! अर्ज घेतल्याची पोच मिळवायला मला चार महिने लागले.

आणि बँक. कोटेशनवर विश्वास ठेवून पैसे थेट कंपनीच्या खात्यात टाकले बँकेनेच. पाहणीला एक माणूस आला, मशीनसोबत फोटो काढून गेला, ३० एचपीची पाटी त्यानेही वाचली नाही. पण १७,३९४ चा हप्ता एक दिवस चुकला की फोन येतो. मी भरतोय, आरा मशीन चालवून भरतोय.

ग्राहक आयोगात गेल्या वर्षी तक्रार दाखल केली. एका वकिलाने आधी सांगितलं होतं की मशीन व्यापारासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही. ते अर्धवट आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात व्यापारी वापर धरत नाहीत, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दोन वर्षांची मुदत आहे. माझे पंधरा महिने ठाण्यांच्या पायऱ्या चढण्यात गेले, तुम्ही घालवू नका.

पेलेटचा धंदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तुराट्या, पऱ्हाटी, सोयाबीनचं कुटार यांचे पेलेट करून स्थानिक बॉयलरला विकणारे लोक मी आता पाहिलेत, साडेसात-आठ रुपयांत, रोखीत, कुणाच्या कराराशिवाय. त्यांच्यापैकी एकानेच माझं मशीन उघडून बघितलं आणि भंगारात १,१०,००० येतील म्हणाला. अजून विकलेलं नाही. केसमध्ये पुरावा आहे ते.

अकोल्याच्या त्या मुलाने २१,००० बुकिंग भरलं होतं. डेमोला निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला एवढंच सांगितलं, की डायच्या खाली स्वतःचा हात धर, त्यांनी दिलेली ओंजळ घेऊ नकोस. संध्याकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, त्यांनी हात धरू दिला नाही."