पहिला 'वर्मवुड' की दुसरा?

दोन्ही एका बैठकीत बघणार असाल तर जरा थांबा. २०१४चा 'वर्मवुड: रोड ऑफ द डेड' हा ऑस्ट्रेलियन सिनेमा कीआ आणि ट्रिस्टन रोश-टर्नर या भावांनी पैशांची जुळवाजुळव करत काही वर्षं खपून पुरा केला. चणचण पडद्यावर दिसते. पण डोकं चाललंय! पेट्रोल पेटेनासं झालंय, झॉम्बीच्या, म्हणजे चालत्या-फिरत्या प्रेतांच्या, श्वासातला वायू मात्र पेटतो. मग गाडीला झॉम्बीच जुंपायचे. बैलगाडीच म्हणा ना. शिवाय बायको-मुलगी गमावलेल्या बॅरीची बहिणीसाठीची धावाधाव आतून लागते.

दुसरा, म्हणजे २०२१चा 'अपोकॅलिप्स', दिसायला जास्त सफाईदार, रक्तही बादलीभर. पहिल्यातल्या कॅप्टनचं काम करणारा ल्यूक मॅकेंझी इथे त्याचा जुळा भाऊ ऱ्हीस बनून येतो (हिंदी सिनेमावर वाढलेल्यांना ही युक्ती नवी नाही). तो जिवंत माणसं पकडून प्रयोगांसाठी पोचवतो. बॅरी आणि त्याची बहीण ब्रूक आहेत, पण कथा त्यांची राहिलेली नाही. झॉम्बी-इंधनाची गंमतही आता सवयीची. मारामारी संपत नाही आणि कुणाची काळजी वाटत नाही.

मी पहिलाच पुन्हा लावेन. दुसरा फक्त यंत्रं आणि मेकअप बघायला, तोही पुढे ढकलत.