पद्यनाटकाची कार्यशाळा, दादर: श्वास जमतो, पेटी आडवी येते

दादरच्या या ५ रविवारांच्या कार्यशाळेत पहिले २ रविवार कोणी पद्य ‘म्हणतच’ नाही, आणि तेच बरं. आधी साध्या गद्यात अर्थ, मग लघु-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं: गुरूला टाळी, लघूला चुटकी, यती (ओळीतला ठरलेला थांबा) आली की चालण्याची दिशा बदलायची.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’ची नांदी, म्हणजे सुरुवातीचा स्तुतिश्लोक, स्रग्धरा वृत्तात आहे. चरणात (ओळीत) २१ अक्षरं, दर ७ नंतर यती. नटाची गाडी घसरते ती मधल्या तुकड्यात. ‘वहति विधिहुतं’मध्ये सलग ६ लघु, घाबरलेला नट तिथे धावतो, ‘तं’ गिळतो आणि पुढच्या ‘या’ला श्वासच उरत नाही. इथे शिकवतात ते साधं आहे: ‘तं’वर टेकायचं, पण सूर खाली टाकायचा नाही, नाहीतर वाक्य संपल्यासारखं वाटतं. श्वास पोटातून, चोरटा. एवढं बसलं की अर्धी भीती जाते.

खटकतं ते वेगळंच. २५ जणांच्या बॅचमध्ये एकट्याने उभं राहायला जेमतेम ५ मिनिटं. खिडकी रस्त्याकडे, त्यामुळे बेस्टचा हॉर्न नेमका यतीवर! शिवाय पेटी फार लवकर वाजायला लागते आणि बोलण्याची चाल होऊन बसते. नाट्यपदं गाणाऱ्यांना चालेल. बाकीच्यांनी ती बंद करायला सांगावं.